फळीखाली देव, फळीवर पोर

माळ्याची खोली करून घ्यावी का, त्यात फायदा आहे का, असं गल्लीतल्या बायका मला विचारतात. आमच्या घरात ते काम झालंय म्हणून. मी सरळ सांगते, करू नका. मग त्या म्हणतात, अगं पण जागा वाढते की, भाडं येतं, उद्या घर विकलं तर किंमत येते. येते की. सगळं येतं. फक्त त्या माळ्यावर कोण झोपणार ते आधी ठरवा, आणि जो ठरवतोय त्यालाच पहिल्यांदा वर झोपवा, एप्रिलमध्ये, भर दुपारचं, मग माझ्याशी फायद्याचं बोला.

मला असल्यातलं कळत नाही असं माझे दीर म्हणतात. असेल. मी आठवीत शाळा सोडली. पण पोर कुठून पडेल ते मला कळतं, तेवढं एकच कळतं. मुलगी झाल्यापासून मी कुणाच्याही घरी गेले की आधी तेच बघते, खिडकीला गज आहेत का, जिना कसा आहे, बादली कुठं भरून ठेवलीय. लोक चहा पुढं करतात आणि माझं लक्ष त्यांच्या गॅलरीच्या कठड्याकडं. हसतात मला. हसू देत.

आमचं घर बेंगळूरात बनशंकरीला, आतल्या गल्लीत. सासरे बेळगावकडनं इथं कामाला आले तेव्हा त्यांनी घेतलेलं, आता ते नाहीत. दोनच खोल्या. पुढची खोली मोठी, तिला रस्त्याकडं दार, खिडकी, पंखा. तिथं आम्ही तिघं झोपायचो, मी, हे आणि तान्ही मुलगी. मागं स्वयंपाकघर, तिथं ओटा, देव्हारा आणि सासूबाईंची गादी. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. स्वयंपाकघराला बोळाकडं उघडणारं वेगळं दार आहे. आणि सगळ्यावर सिमेंटचा पत्रा, मधे उंच, दोन्हीकडं उतरता. आढ्याखाली उभं राहिलं तर वर बरीच पोकळी दिसायची. ती पोकळी कुणाच्या डोळ्यात भरली नव्हती तोवर घर बरं चाललं होतं.

ती भरली दिरांच्या डोळ्यात. ते एचएसआर लेआउटला कंपनीत आहेत, मित्रांबरोबर तिथंच राहतात, रविवारी जेवायला येतात. त्या रविवारी जेवण झालं आणि त्यांनी मोबाईलवर आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. परदेशातलं घर. उतरत्या छपराखाली पांढरी गादी, छपरातच खिडकी, आणि एक बाई कांबळं पांघरून पुस्तक वाचत बसलेली. खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

"वहिनी, हे बघा. याला लॉफ्ट कन्व्हर्जन म्हणतात. आपल्याकडं ती जागा नुसती पडून आहे. बेस्ट इन्व्हेस्टमेंट."

"ती बाई कांबळं घेऊन बसलीय भाऊजी," मी म्हणलं.

"मग?"

"मग काही नाही."

"वहिनींना आवडलं नाही वाटतं."

"तिला काय कळतंय त्यातलं," आत्ती म्हणाल्या. "गावाकडं आम्ही माळ्यावरच असायचो की. जोंधळा एका अंगाला, पोरं एका अंगाला."

"तिथं कौलं होती आत्ती. कौलातनं वारं येतं. हा पत्रा आहे."

"बेंगळूरला कसली गरमी वहिनी, लोक इथं गारव्याला येतात." असं म्हणून दिरांनी मोबाईल खिशात घातला आणि जिन्याला जागा कुठली, ते बघायला उठले. हे आपले बडीशेप चघळत बसले. हे शिवाजीनगरला गॅरेजमध्ये कामाला आहेत, दिवसभर गाड्यांच्या आवाजात राहून राहून घरात कुणी बोललं तरी यांना ते दुसऱ्याच कुणाला बोलतायत असं वाटतं.

ठरलं काय, तर स्वयंपाकघरावर माळा घालायचा, आम्ही तिघांनी वर जायचं, आणि पुढची खोली भाड्यानं द्यायची. माझी खोली. म्हणजे माझी कधी नव्हतीच, पण तिथं माझी पोर जमिनीवर झोपायची, आणि जमिनीवरनं कुणी पडत नाही.

सुतार ह्यांनीच शिवाजीनगरहून आणला. मनुष्य चांगला, पण सगळ्यांना सरी म्हणायचा, म्हणजे कानडीत बरं. मी म्हणलं, शिडी जिथनं वर येते त्या भोकाला चारी बाजूनं कठडा करा, घरात लहान मूल आहे. "सरी अक्का." संध्याकाळी दीर आले, ते म्हणाले, कठड्यानं जागा जाते, त्यापेक्षा झडप लावा, बंद केली की सपाट, वरनं चालता येतं. "सरी सार." आत्ती म्हणाल्या, झडप जड नको, माझ्या डोक्यात पडायची. "सरी अम्मा." झालं काय, तर हलकी झडप झाली, आतनं बोटानं उचलली जाणारी, आणि कठडा झालाच नाही. मी त्याला विचारलं, अण्णा, मला सरी म्हणाला होता ना तुम्ही. तो म्हणाला, हौदु अक्का, हो, म्हणलं होतं. आणि त्यानं हातोडी उचलली.

आता जे सांगते ते ऐका, कारण असली चूक आमच्यासारख्यांकडनंच होते. माप घेतलं, लोखंडाचे अँगल भिंतीत बसवले, फळ्या ठोकल्या, दीर दर रविवारी येऊन फोटो काढून गेले, आणि या सगळ्यात एकाच्याही डोक्यात आलं नाही की फळ्यांच्या खाली देव्हारा आहे.

आत्तींच्या डोक्यात आलं ते भुशानं. त्या पूजेला बसल्या होत्या. वर सुतार शेवटच्या फळ्या घासत होता आणि फटीतनं लाकडाचा भुसा खाली यायला लागला, बारीक, पिवळा, हळदीसारखा, थेट देवांवर. आत्तींनी आधी त्याला आवाज दिला, काम थांबव रे म्हणून. मग टाक पुसायला हातात घेतला आणि मान वर केली. सुतार वर चालला आणि फळी करकरली, देवाच्या बरोबर डोक्यावर. आत्ती तशाच वर बघत राहिल्या. पूजा अर्धी टाकून उठलेल्या मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

रविवारी दीर आले तेव्हा आत्तींनी ताट वाढायच्या आधीच विषय काढला.

"देवाच्या डोक्यावर माणसं झोपणार काय?"

दीर म्हणाले, "आई, अपार्टमेंटमध्ये काय होतं? चौथ्या मजल्यावर देव, पाचव्यावर लोक राहतात. तिथं कोण काय म्हणतं?"

"तिथं स्लॅब हाय. स्लॅब म्हणजे देवाला आभाळच. ही फळी हाय. फळीतनं पाय ऐकू येतोय."

"मग देव्हारा पुढच्या खोलीत ने."

"भाड्यानं देणार ना ती? भाडेकऱ्याच्या ताब्यात देऊ माझं देव?"

"मग त्या भिंतीला."

"तुझ्या बाबांनी बसवल्यात ते. गावचं भटजी आणून. मी मेल्यावर हलवा."

मला वाटलं आता माळा रद्द होईल. खरंच वाटलं. मी भाकरी करत होते आणि मनातल्या मनात त्याच देवांना हात जोडत होते की तुम्ही बसल्या जागचं हलू नका. पण लाकूड बसलं होतं, रंग झाला होता, भाडेकरू येऊन खोली बघून गेला होता. मग तोडगा निघाला. देवाच्या वरची जागा सोडायची. तिथं कुणी पाय ठेवायचा नाही. माळ्यावर त्या चौकोनापुढं दोन ट्रंका आडव्या लावायच्या, त्यांवर तांब्याचा हंडा, की झालं. ह्यांनी त्याच दिवशी ट्रंका वर चढवल्या. सगळ्यांना बरं वाटलं. पिठल्यात मीठ जास्त झालंय असं कुणीच म्हणलं नाही, ते जास्त होतं.

पण देव कुठं होते ते बघा. मागच्या भिंतीला, बरोबर मध्यावर. म्हणजे वर आढं तिथंच, उभं राहता येईल अशी जागा तिथंच, आणि मागच्या तिकोनी भिंतीत सिमेंटची जाळी होती, वारं यायची एकच जाळी, तीही तिथंच. ती सगळी देवाला सोडली. आम्हाला राहिलं ते कडेचं, जिथं पत्रा उतरतो, जिथं मी गुडघ्यावर चालायचे आणि हे कोपरावर, आणि मधोमध ते भोक.

पुढच्या खोलीत भाडेकरू आला. माणूस येत नाही, सामान येतं. प्लॅस्टिकचे डबे मोबाईलवरनं विकतो, त्याची खोकी. पहिल्या दिवशी म्हणाला, "स्वल्पच सामान आहे अक्का." मग टेम्पो आला, मग दुसरा. खिडकीपर्यंत खोकी, मग खिडकीच्या वर. आत्तींनी पंखा काढून वर लावायचा म्हणलं, तर तो हात जोडून म्हणतो, "पंखा असू दे अम्मा, खोकी दमट होतात." आत्ती म्हणाल्या, असू दे बाबा. म्हणजे डब्यांना पंखा, आणि माझ्या पोरीला पत्रा. मी बोळातनं ये-जा करायचे तेव्हा त्या बंद खोलीतनं पंख्याचा आवाज यायचा. त्या आवाजाचा मला इतका राग यायचा की सांगायची सोय नाही. तो माणूस समोर आला की नमस्कार करायचा. मी करायचे नाही.

बायकांना मी हेच सांगते. फायदा कुणाचा, ते बघा. माळ्याचा फायदा खालच्या मजल्याला होतो.

आता वरचं सांगते. दुपारी पत्रा तापतो ना, तेव्हा वरची हवा अंगावर बसते, हलत नाही. टेबल फॅन लावला तर तीच गरम हवा तोंडावर येते. झडप उघडी ठेवली तर खालनं जरा वारं लागतं. पण झडप उघडी म्हणजे भोक उघडं. बंद केली तर पोर घामानं भिजते, मानेला, काखेत, मांड्यांत नुसतं घामोळं. उघडी ठेवली तर मी श्वास घेत नाही, भीतीनं. आणि खाली ओट्यावर आत्तींनी मिरचीची फोडणी टाकली की ती सरळ आमच्याकडं. पोर ठसका लागून लाल व्हायची. मी वरनं म्हणायचे, आत्ती, सांगत जावा की आधी. त्या खालनं म्हणायच्या, "आता फोडणीला पण तुला विचारू?"

हे म्हणायचे, थोडं दिवस काढ. मी म्हणायचे, मी काढीन हो, पोरीनं कसं काढायचं? मग हे झोपायचे. दमून येतात, पाठ टेकली की झोप. मी झडपेवर माझी गादी ओढून झोपायचे, म्हणजे झडप माझ्या अंगाखाली. तरी जाग यायची. आपण कूस बदलली, आता झडप मोकळी आहे, असं वाटून जाग यायची, आणि मी हातानं चाचपायचे, आधी झडप आणि मग पोर.

मग ती रांगायला लागली. लोकांच्या घरात मूल रांगायला लागलं की कौतुक होतं, करंज्या करतात. मी रडले. आत्ती म्हणाल्या, "काय गे, अवलक्षण? पोर पुढं सरकलं तर आई रडते होय?" मी म्हणलं, पुढं भोक आहे आत्ती. त्या म्हणाल्या, "मग बांधून ठेव. आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत? कामाला जाताना खाटेच्या पायाला बांधून जायचो."

बांधलं मग. जुन्या साडीची पट्टी, एक टोक पोरीच्या कमरेला, एक ट्रंकेच्या कडीला. माझी पोर गुरासारखी दाव्याला. ती पट्टी ताणून ताणून त्या भोकाकडंच जायची, कारण उजेड तिथनं यायचा, आवाज तिथनं यायचे, आजी तिथं होती. तिचं काय चुकलं? मला कुणी बांधलं असतं तर मी पण तिकडंच गेले असते.

ती सकाळ शुक्रवारची होती. हे कामावर गेले होते. पोर झोपली होती, पट्टी बांधलेली. झडप मी उघडी ठेवली, कारण पत्रा तापायला लागला होता. खाली दूध ठेवलेलं, ते बघायला मी उतरले. आत्ती देव्हाऱ्यापुढं बसलेल्या, पाठ माझ्याकडं, तोंडानं पुटपुटत फुलं वाहत होत्या. दूध वर आलं, मी गॅस बारीक केला, आणि मला वरनं हुंकार ऐकू आला. ती खुशीत असली की करते तसा.

मी वर बघितलं. भोकाच्या काठाला तिचं डोकं होतं. दोन्ही हात काठावर, आणि मला बघून हसत होती. पट्टी सुटली होती, तिच्या कमरेची गाठ निघाली होती, तेवढं मला दिसलं, कारण तिच्या कमरेला काहीच नव्हतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर ती दचकली असती, नाहीतर आणखी पुढं आली असती. माझ्या तोंडातनं कसा आवाज आला कुणास ठाऊक, मी म्हणत होते, आले हं, आले, तिथंच बस, आले, आणि शिडीवर पाय ठेवला. ती शिडी रोज करकरते, त्या दिवशी नुसती किंचाळली. पोरीनं एक हात माझ्याकडं सोडला. मला वर घे म्हणते तसा. ती वर होती आणि मलाच घे म्हणत होती.

तेवढ्यात माझ्या पायाला काहीतरी लागलं. आत्ती. पूजा सोडून, ताम्हन लवंडून, त्या शिडीशेजारी भोकाखाली येऊन उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांत धरून पसरलेला, मान वर, डोळे पोरीवर. गुडघ्यांमुळं त्यांना नीट उभंसुद्धा राहवत नाही, पण अशा उभ्या होत्या की हलल्या नाहीत. आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाल्या, "घाई करू नको. जा. मी हाय."

मी चढले. पोर पुढं झुकली, तिचं अर्धं अंग बाहेर आलं, आणि मी माझं डोकं तिच्या छातीला लावून तिला मागं ढकललं, हातानं नव्हे, डोक्यानंच, कारण हात शिडीला होते. ती मागं पडली पाठीवर, फळीवर, आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं. मी वर आले, तिला उचलली आणि झडप लावली.

वर हवा नव्हती. पोर रडून रडून गुदमरत होती. मी पाय लावून ट्रंक सरकवली, हंडा आडवा पडला, घरभर आवाज झाला, आणि मी त्या सोडलेल्या चौकोनात जाऊन बसले. जाळीला पाठ लावून. पहिल्यांदा. तिथं वारं होतं. इतक्या दिवसांत मला माहीतच नव्हतं की या माळ्यावर अशी एक जागा आहे. मी पोरीला अंगावर घेतलं आणि ती प्यायला लागली.

फळी करकरली होती. खाली ऐकू गेलंच असणार.

"कुठं हायस तू?" आत्तींचा आवाज.

"तुमच्या देवाच्या डोक्यावर," मी म्हणलं.

मी आयुष्यात त्यांना उलट बोलले नव्हते, म्हणजे असं बोलले नव्हते. मला भीती वाटत होती. त्यांची, देवाची, सगळ्यांचीच. पण पोर पीत होती, मी उठले नाही.

"उतर तिथनं."

"नाही उतरत. देव हलवा, मग उतरते."

"पाप लागेल पोरीला."

"लागू दे. पाप लागलेलं पोर जिवंत असतं आत्ती. खाली पडलेलं नसतं."

मी वाट बघत बसले. आता त्या ह्यांना फोन करतील, दिरांना करतील, मला माहेरी पाठवतील, असं सगळं माझ्या डोक्यातनं जात होतं. खाली ताम्हन उचलल्याचा आवाज आला. सांडलेलं पाणी फडक्यानं पुसल्याचा आवाज आला. फळीतनं खरंच सगळं ऐकू येतं, आत्ती म्हणत होत्या ते खोटं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "दूध करपलं तुझं."

संध्याकाळी हे आले तेव्हा मी अजून वरच होते. जेवलेही नव्हते. आत्तींनी ह्यांना बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

"देव वर ने," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वर ने म्हणते. जाळीपाशी. त्यांच्या डोक्यावर मग कोण न्हाई, नुसता पत्रा. आणि तुम्ही खाली या."

ह्यांनी माझ्याकडं वर बघितलं, मग आईकडं बघितलं. "बाबांनी बसवलेले ना ते? भटजीला तरी विचारू."

"तो काय इथं भोकाखाली उभा होता काय?" आत्ती म्हणाल्या. "ने म्हणलं की ने."

दिरांना फोनवर कळलं तेव्हा ते चिडले. एवढं करून देवघर केलं होय, म्हणाले, वापरायची जागा गेली की मग, रिटर्न काय मिळाला? आत्तींनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणलं, भाऊजी, तुम्ही या रविवारी, वर बसून जेवा, मग सांगते. ते त्या रविवारी आले नाहीत.

आणि त्याच्यानंतर काय झालं म्हणाल, तर काही चांगलं झालं नाही. पुढच्या खोलीत अजून डबेच आहेत, पंख्यासकट. हे एकटे वर झोपतात, देवाकडं पाय न करता, वाकडे. आम्ही तिघी स्वयंपाकघरात, ओट्याला पाय लागतात. आत्तींना शिडी चढवत नाही, म्हणून पूजा माझ्यावर आली. रोज आंघोळ करून एका हातात तांब्या घेऊन मी वर जाते आणि त्या खालनं सूचना देतात.

"गंध उगाळलंस का पातळ?"

"लावलं."

"लावलं ते कळलं. पातळ हाय का ते विचारतेय."

"आहे पातळ."

"फूल?"

"वाहिलं."

"उजवीकडं?"

"कुणाच्या उजवीकडं आत्ती?"

"देवाच्या गे. तुझ्या उजवीकडं वाहायला तू काय देव हायस?"

पूजा झाली की मी शिडी काढून बोळात भिंतीला उभी करून ठेवते, कारण पोर आता धरून उभी राहते आणि पायरी दिसली की पाय टाकते. वर कुणी जातच नाही मग दिवसभर. पत्र्यामुळं दुपारपर्यंत फुलं वाळून कागद होतात. आत्तींनी देव हलवल्यापासून बघितलेले नाहीत. मला त्यांची दया यावी असं कुणी म्हणेल. मला येत नाही. मला बांधलेली पट्टी आठवते. पण पसरलेला पदर पण आठवतो, तो विसरता येत नाही, आणि त्याचा मला रागच येतो, कारण नुसतं वाईट वागणाऱ्या माणसाशी भांडायला सोपं असतं.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. ह्यांनी देव वर नेले, देव्हारा नेला, समई नेली. मी पोरीला घेऊन शेवटी खाली उतरले, पाठमोरी, एक एक पायरी बघत. देव्हारा होता तिथली भिंत तेलानं काळी झालेली होती आणि जमिनीवर हळदकुंकवाचा डाग. आत्तींनी ती जागा झाडली, ओल्या फडक्यानं पुसली, आणि आपली स्वतःची गोधडी आणून तिथंच अंथरली. मागच्या दाराचं वारं बरोबर तिथं येतं.

मी पोरीला घेऊन उभीच होते.

"तिथं देव होते आत्ती," मी म्हणलं.

"आता न्हाईत," त्या म्हणाल्या. "झोपव तिला."